परत आलेला शेअर, न परतलेला कॉल

माझ्या वहीतल्या एका पानावर तीनच आकडे आहेत, एकाखाली एक. 1.40, 1.17 आणि 0.37. शेजारी शेअरचा भाव लिहिलाय: 100, 92 आणि पुन्हा 100. शाई आता पुसट झालीये, पण बाजार पडायला लागला की मी ते पान उघडते.

पहिला आकडा मी घेतलेल्या कॉलचा प्रीमियम, म्हणजे त्याची किंमत. स्ट्राइक, म्हणजे शेअर घ्यायचा ठरलेला भाव, 105; एक्स्पायरीला, म्हणजे मुदत संपायला, 60 दिवस. दुसरा पाच दिवसांनंतरचा, बाजार कोसळल्यावरचा. तिसरा एक्स्पायरीला 20 दिवस उरलेले असतानाचा, शेअर जिथून पडला तिथे परत येऊन पोचला त्या दिवशीचा. प्रत्यक्ष सौद्यातले भाव अर्थातच इतके गोल नव्हते. झालं ते मला उमगत नव्हतं, म्हणून नंतर एका रात्री शेअर 100 धरून, व्याज आणि लाभांश बाजूला ठेवून, सगळा सौदा मी कॉलची किंमत काढायच्या ब्लॅक-शोल्सच्या सूत्रात पुन्हा मांडला. उत्तर बघून बराच वेळ नुसती बसून राहिले. शेअर 92 वर असताना माझा कॉल 1.17 ला जात होता. शेअर 100 वर परत आला, तेव्हा तोच कॉल 0.37 ला. ज्या दिवशी मी हवालदिल झाले होते, त्या दिवशी हातात तिप्पट पैसे होते. ज्या दिवशी हुश्श केलं, त्या दिवशी ते गेलेले होते.

कॉल घेणं म्हणजे ठरलेल्या भावाला, ठरलेल्या तारखेपर्यंत शेअर घेण्याचा हक्क विकत घेणं. एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण या हक्काच्या किमतीत शेअरच्या भावाखेरीज आणखी दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: उरलेले दिवस आणि बाजाराला पुढच्या हेलकाव्यांची वाटणारी धास्ती. या धास्तीचा आकडा म्हणजे इम्प्लाइड व्होलॅटिलिटी, आपण नुसतं आयव्ही म्हणतो. मी कॉल घेतला तेव्हा आयव्ही 20 होती. पाच दिवसांनी शेअर आठ टक्के पडला होता आणि आयव्ही 35 झाली होती. समजा ती 20 लाच राहिली असती, तर त्या दिवशी माझ्या कॉलला 0.14 मिळाले असते. म्हणजे स्क्रीनवर दिसणाऱ्या 1.17 पैकी 1.03 निव्वळ भीतीचे होते. शेअर 100 वर परतला तोवर आयव्ही पुन्हा 20 वर आली होती.

माझी चूक झाली ती इथे. मला वाटलं, शेअर एवढा आपटलाय तरी कॉल टिकून आहे, म्हणजे बाजारालाही तो उसळेल असं वाटतंय. लोक घाबरून हेलकाव्यांची जी किंमत मोजत होते, ती मी आशेची किंमत समजले. आणि थांबले.

आता त्याच दिवशीचे बारीक आकडे बघा. शेअर 92, उरलेले दिवस 55, आयव्ही 35. अशा वेळी शेअर एका अंकाने वर गेला तर माझ्या कॉलमध्ये 0.18 ची भर पडणार. आयव्ही एका अंकाने उतरली तर 0.09 जाणार. म्हणजे शेअर एक अंक चढला आणि त्याच वेळी आयव्ही दोन अंकांनी खाली आली, तर कॉल होता तिथेच. बाजार सावरताना हे दोन्ही सहसा बरोबरच होतं. शेअर वर चढतो तशी भीती ओसरते. वर रोजचे 0.03 झिजत होते ते वेगळेच. हा आकडा लहान वाटतो, पण 1.17 च्या कॉलला दिवसाला 0.03 म्हणजे अडीच टक्क्यांहून जास्त झीज. मी कॉल घेतला तेव्हा हाच वेग दीड टक्क्याच्या आसपास होता. आयव्ही वाढली की कॉल महाग होतो आणि रोजची झीजही वाढते, हे मला पुस्तकातून माहीत होतं. स्वतःच्या पैशांनिशी कळलं ते त्या वेळी.

हेच मोठ्या पडझडींमध्ये कसं घडलं ते मी नंतर शोधून बघितलं, तेव्हा एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. 2020 च्या फेब्रुवारीत, 19 तारखेला, अमेरिकेचा एस अँड पी 500 निर्देशांक 3386 वर बंद झाला आणि 23 मार्चला 2237 वर. जवळपास 34 टक्क्यांची घसरण, महिन्याभरात. या निर्देशांकाच्या ऑप्शनमधली (कॉलसारख्या हक्कांच्या सौद्यांमधली) धास्ती मोजणारा व्हिक्स मात्र सर्वात वर बंद झाला तो 23 मार्चला नाही, तर आठवडाभर आधी, 16 मार्चला, 82.69 वर. त्या दिवशी निर्देशांक 2386 वर होता. पुढच्या आठवड्यात निर्देशांक आणखी सहा टक्के खाली गेला आणि व्हिक्स 62 च्या आत आला. 2008 मध्येही तेच. व्हिक्सचा सर्वात वरचा बंद भाव 20 नोव्हेंबर 2008 चा, 80.86. निर्देशांकाचा तळ आला 9 मार्च 2009 ला, 676 वर, आणि त्या दिवशी व्हिक्स 50 च्या आसपास होता.

म्हणजे भीती भावाच्या आधी दमते. कॉल धरून बसलेल्यासाठी तळाआधीचा हा शेवटचा टप्पा सगळ्यात वाईट, कारण तेव्हा शेअरही पडत असतो आणि ज्या आयव्हीने इतके दिवस कॉलला हात दिला तीही काढता पाय घेत असते. तळ कुठे आहे ते मला ओळखता येत नाही आणि आता मी त्याच्या मागेही लागत नाही. पण भाव खाली जाताना आयव्ही उतरायला लागली आहे का, हे रोज संध्याकाळी बघता येतं. ते मी बघते आणि लिहून ठेवते.

यात एक मेख आहे, ती सांगायलाच हवी. वर मी 35 आयव्ही धरली ती माझ्या 105 च्या स्ट्राइकची. व्हिक्स वाढला म्हणून आपल्या कॉलची आयव्हीही तेवढीच वाढली असं होत नाही. 19 ऑक्टोबर 1987 ला अमेरिकेचा डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात 22.6 टक्के पडला आणि तेव्हापासून ऑप्शनच्या बाजाराची ठेवणच बदलली. खालच्या स्ट्राइकचं संरक्षण घ्यायला लोक जास्त पैसे मोजू लागले, वरच्या स्ट्राइकना तेवढी मागणी राहिली नाही. निर्देशांकाच्या ऑप्शनमध्ये हा उतार स्पष्ट दिसतो, पुष्कळशा शेअरमध्येही. त्यामुळे बाजार पडतो तेव्हा आपला कॉल भावापासून दूर, स्वस्त आयव्हीच्या बाजूला सरकत जातो. बातम्यांमध्ये व्हिक्सचा आकडा ऐकून आपल्या कॉलमध्ये अजून पुष्कळ जीव आहे असं धरून चालू नये. ऑप्शन चेन, म्हणजे सगळ्या स्ट्राइकच्या भावांचा तक्ता, उघडून आपल्याच स्ट्राइकसमोरची आयव्ही वाचावी.

मी इतके दिवस थांबले त्याचं आणखी एक कारण होतं. उधारीवर शेअर घेतले असते तर पैसे भरा म्हणून मार्जिनचा फोन आला असता. कॉल विकला असता आणि शेअर वर गेला असता, तरी आला असता. कॉल घेणाऱ्याला मात्र कोणीच विचारत नाही. प्रीमियम भरून झालेला असतो, नुकसान त्याहून जास्त होणार नाही, त्यामुळे कोणी दार ठोठावत नाही. कॉलचा हाच तर खरा गुण, मर्यादित नुकसान, आणि त्यासाठीच मी तो घेते. पण त्या शांततेत माणूस बसून राहतो. आतून निर्णय झालेला नसतो, बाहेरून कोणी करायला लावत नाही, आणि एक्स्पायरी जवळ येते.

म्हणून आता कॉल घेतानाच मी दोन गोष्टी लिहून ठेवते. एक तारीख: त्या दिवसापर्यंत अपेक्षित हालचाल झाली नाही तर भाव काहीही असो, बाहेर. आणि एक शेअरचा भाव: त्याच्या खाली शेअर बंद झाला तर बाहेर. प्रीमियमवर स्टॉपलॉस, म्हणजे ठरावीक भावाखाली आपोआप विकायची ऑर्डर, लावायचं मी सोडून दिलं आहे. पडझडीच्या दिवशी बिड (घेणाऱ्याचा भाव) आणि आस्क (विकणाऱ्याचा भाव) इतके फाकतात की एखादाच वेडावाकडा सौदा स्टॉपलॉस उडवून जातो.

हे फाकणं मी भोगलंय. त्याच सौद्यात, शेवटी धीर सुटला तेव्हा, बाजार उघडल्या उघडल्या मी मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाला विकायची ऑर्डर, टाकली. बिड आणि आस्क यांच्या मधोमध जो भाव निघत होता तो मी मनात धरला होता. मिळाला तो बिड, आणि बिड पार खाली होती. अर्ध्या तासाने तोच कॉल मधल्या भावाच्या जवळपास जात होता. आता पहिला अर्धा तास मी हात बांधून बसते. मग मधल्या भावाची लिमिट ऑर्डर (त्याहून कमी भावाला न विकायची) टाकते, काही मिनिटं बघते, नाही लागली तर एकेक पायरी खाली येते. 5 ऑगस्ट 2024 च्या सकाळी व्हिक्स 65 च्या वर जाऊन आला आणि बंद झाला 38.57 वर. सकाळचा तो आकडा एवढा फुगला त्यात खऱ्या भीतीइतकाच हात होता बाजार उघडण्याआधीच्या फाकलेल्या बिड-आस्कचा. आठ-दहा दिवसांत व्हिक्स 20 च्या खाली होता. ज्यांनी त्या सकाळी घाबरून मार्केट ऑर्डर मारल्या असतील, त्यांच्यासाठी मला खरंच वाईट वाटतं.

मग कॉल हातात असताना बाजार कोसळला तर करायचं काय? विकून मोकळं होणं हा पहिला मार्ग, आणि बहुतेक वेळा मला तोच बरा वाटतो. अर्धे विकणंही चालतं, लॉट एकाहून जास्त असतील तर. पण मला सगळ्यात आवडलेला मार्ग वेगळा आहे: वरच्या स्ट्राइकचा कॉल विकून स्प्रेड करणं. माझ्या त्या पानावरच्या दिवशी, शेअर 92 वर असताना, 110 चा कॉल 0.60 च्या आसपास जात होता. तो विकला असता तर माझी गुंतवणूक 1.40 वरून 0.80 वर आली असती. 110 च्या वरचा फायदा सोडावा लागला असता, पण 92 वर असलेल्या शेअरने 55 दिवसांत 110 ओलांडावा अशी अपेक्षा मी कशाच्या बळावर करणार होते? शिवाय मी महाग झालेली भीती स्वतः विकली असती. पुढे आयव्ही उतरली असती तेव्हा 105 च्या कॉलमध्ये जे गेलं, त्यातलं बरंचसं 110 च्या विकलेल्या कॉलमध्ये भरून आलं असतं.

खालच्या स्ट्राइकवर रोल करणं, म्हणजे 105 चा विकून 95 चा घेणं, हे मनाला फार सोपं वाटतं, कारण सौदा संपला असं वाटत नाही. पण तो नवा सौदाच असतो, आणि तोही आयव्ही चढलेली असताना जास्त पैसे घालून केलेला. तसा तो करायचाच असेल तर जुन्या सौद्याचं नाव न घेता, आज मला हा 95 चा कॉल या भावाला हवाय का, एवढंच विचारून करावा. अ‍ॅव्हरेज करण्याबद्दल मी फार बोलणार नाही. शेअर खालच्या भावाला आणखी घेतला तर तो निदान राहतो. कॉलला तारीख असते.

एप्रिल 2025 ची गोष्ट. अमेरिकेच्या आयातशुल्काच्या घोषणेनंतर एस अँड पी 500 गुरुवारी, 3 एप्रिलला, 4.8 टक्के पडला आणि शुक्रवारी जवळपास 6 टक्के. शनिवारी सकाळी धाकट्या भावाचा फोन आला. त्याच्याकडे एका मोठ्या अमेरिकी कंपनीचे शंभर शेअर होते आणि मार्चमध्ये त्याने त्यावर वरच्या स्ट्राइकचा एक कॉल विकला होता, म्हणजे प्रीमियम घेऊन त्या भावाला शेअर द्यायची जबाबदारी स्वीकारली होती.

"ताई, शेअर एवढा पडला आणि विकलेला कॉल जेमतेम उतरलाय. काय उपयोग त्याचा?"

"किती राहिलाय भाव?"

"निम्म्याच्या वर आहे अजून. मी सोमवारी तो परत घेतो आणि खालच्या स्ट्राइकचा विकतो. प्रीमियम केवढा मिळतोय बघ तरी. थोडं तरी भरून येईल."

"आणि शेअर झटक्यात वर आला तर? तू घेतलास त्याच्या खालच्या भावाला द्यावा लागेल."

तो गप्प झाला. मग म्हणाला, "एवढ्यात कुठला येतोय वर."

मी वहीतलं ते पान काढलं आणि त्याला तीन आकडे वाचून दाखवले. फोनवर ते वाचताना मला पहिल्यांदाच त्यांची दुसरी बाजू दिसली. मी कॉल घेतला होता म्हणून ते पान माझ्यासाठी नुकसानीचं. तोच कॉल ज्याने विकला होता, त्याच्यासाठी ते अगदी उलट. शेअर परत 100 वर आला आणि विकलेला कॉल मात्र 0.37 ला परत घेता येत होता. भावाच्या हातात विकलेली बाजू होती. दिवस त्याच्या बाजूने झिजत होते. आयव्ही उतरली असती ती त्याच्या फायद्याची. त्याला काहीच करायची गरज नव्हती आणि त्या शनिवारी नेमकं तेच त्याला जमत नव्हतं. शेअरचं नुकसान खरं होतं, ते मी नाकारलं नाही. कॉलचा प्रीमियम म्हणजे अशा घसरणीत पातळ पांघरूण, आठ-दहा टक्क्यांच्या पडझडीत तेवढ्याने ऊब येत नाही. शेअर ठेवायचा की नाही हा प्रश्न वेगळा, आणि तो कॉलच्या प्रीमियममधून सोडवायला जाऊ नकोस, एवढंच मी म्हणाले. विकलेल्या कॉलसाठी एक ऑर्डर लावून ठेव: मिळाला होता त्याच्या पाव भावाला परत घ्यायची. लागली तर लागली. उरलेल्या पाव भागासाठी शेवटपर्यंत ताटकळू नकोस.

सोमवारी त्याने काही केलं नाही. मंगळवारीही बाजार पडला, व्हिक्स 52 च्या वर बंद झाला. बुधवारी, 9 एप्रिलला, बहुतेक देशांवरच्या वाढीव आयातशुल्काला नव्वद दिवसांची स्थगिती जाहीर झाली आणि निर्देशांक एका दिवसात 9.5 टक्के वर गेला. त्याच दिवशी व्हिक्स 34 च्या आत आला. खालच्या स्ट्राइकचे कॉल सोमवारी विकलेल्यांचा तो दिवस कसा गेला असेल ते मी समजू शकते. आणि हेही कबूल करते की त्याच्या आदल्या आठवड्यात मी माझे स्वतःचे अर्धे कॉल विकून टाकले होते, ते ठेवले असते तर बुधवारी त्यांचे जास्त आले असते. मला त्याची खंत वाटली नाही. अशी उसळी येण्याच्या आशेवर मी एकदा चाळीस दिवस बसले होते. त्या अनुभवावरून बोलते, जो पैसा भीतीने कॉलमध्ये घातला तो मिळत असताना घ्यावा, आणि पुढची उसळी ज्याला सापडेल त्याला सापडू द्यावी.

त्या बुधवारी रात्री भावाचा फोन नाही आला. त्याच्या कॉलचा भाव त्या दिवशी थोडा वाढला असणार, शेअर वर गेल्यामुळे. त्याने ऑर्डर हलवली नाही एवढं मला नंतर कळलं. पुढचे दोन आठवडे तो रोज संध्याकाळी मला फक्त दोन आकडे पाठवायचा: शेअरचा बंद भाव आणि त्याच्या स्ट्राइकची आयव्ही. मी त्याला सांगितलं नव्हतं तसं करायला. काही दिवशी शेअर वर असायचा, काही दिवशी खाली, आयव्ही मात्र थोडी थोडी उतरत होती. मी काही उत्तर द्यायची नाही, नुसती वाचायची.

महिनाअखेरीला एका दुपारी मेसेज आला. आकडे नव्हते, एकच ओळ होती: "ताई, ऑर्डर लागली."

मी वही उघडली. 0.37 च्या खाली बरीच जागा मोकळी होती.